दहाला येऊन गेलेला माणूस

चोवीस जानेवारीला आमच्या मोजणी कचेरीत अकरानंतर माणूस सापडत नाही. अख्खं ला पाझ अलासिताच्या जत्रेत असतं. पुढच्या वर्षात जे हवं त्याची इवलीशी प्रतिकृती विकत घ्यायची, बाराच्या ठोक्याला धूप दाखवायचा, की ती वस्तू खरी होऊन दारात येते, असं आमच्याकडे मानतात. वीतभर घरं, बोटभर मोटारी, नखाएवढ्या पदव्या. मी जमिनी मोजणारा माणूस, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी लहानपणापासून दरसाल गेलो, कारण आई न्यायची.

खरेदीही तीच करायची. आधी शाळेचा दाखला, मग पदवी, मग ही नोकरी, मग विया कोपाकाबानातलं हिरव्या फाटकाचं दुमजली घर. एकोणतिसाव्या वर्षी तिने माझ्यासाठी मातीची कोंबडी घेतली. कोंबडी घेतली की बायको मिळते. त्याच वर्षी मिर्ता आली. सगळं आलं, अगदी क्रमाने. तुला काय हवंय असं मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी आईच्याच तोंडाकडे बघितलं असतं.

ऑक्टोबरात आई गेली. यंदा एकटाच निघालो. मिर्ता ओट्याशी पाठमोरी बटाटे सोलत होती.

"काय आणणार?"

"बघतो."

"सेहेचाळीस वर्षं बघतोच आहेस," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही. एवढ्यावरच आमचं दिवसाचं बोलणं संपायचं.

जत्रेत तास-दीड तास फिरलो. पाऊस नुकताच थांबला होता, ताडपत्र्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि चिखलात पाय सटकत होते. एक होडी उचलली, ठेवली. एक प्रवासी पेटी उचलली, तीही ठेवली. काहीही हातात घेतलं की पहिला विचार यायचा, आईला हे पटलं असतं का? माझी मलाच चीड आली. शेवटी पावणेबाराला उर्सुला मावशींच्या दुकानाशी आलो. आईची सगळी खरेदी त्यांच्याकडची.

"परत आलास?" मावशी म्हणाल्या. "आता आणखी काय राहिलं?"

"परत कुठला? आत्ताच तर येतोय."

"अरे जा! दहाला येऊन गेलास की. नखशिखान्त भिजला होतास. हेच जाकीट."

मी हसलो. एवढ्या गर्दीत चेहऱ्यांची गल्लत व्हायचीच, म्हटलं.

मावशी भडकल्या. "गल्लत? सात वर्षांचा होतास तेव्हापासून ओळखते तुला. आईबरोबर यायचास, मग तासाभराने एकटाच परत यायचास अन् तुला हवं ते घेऊन जायचास. दरसाल. आईला सांगू नका म्हणायचास. मी कधी सांगितलं?"

मनात पाल चुकचुकली. "काय काय घेतलं मी?"

"आता माझी परीक्षा घेतोस होय? चरांगो नेलास, मिसरूड फुटत होतं तेव्हा. मग कोचाबांबाचं बसचं तिकीट. निळ्या दाराची खोली. एक कुत्रं. ते म्हातारं होऊन मेलं तेव्हा इथे उभं राहून ढसाढसा रडलास."

मी कधीच कुत्रं पाळलेलं नाही. चरांगो म्हणजे इवलीशी गिटार, आणि मला तर साधी गिटारही धरता येत नाही. पण चरांगो मी उचलला होता. सोळाव्या वर्षी, याच फळीवरून. आईने नुसतं बघितलं आणि मी तो परत ठेवला. तिकीटही ठेवलं होतं. निळं दारही. मी परत ठेवलेली एकेक गोष्ट ही बाई मला यादी वाचून दाखवावी तशी सांगत होती.

"आणि आज?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"आज दुमजली घर, हिरव्या फाटकाचं. अन् एक कोंबडी. म्हणालास, मावशी, सगळं मिळालं, एवढंच राहिलंय. आनंद नुसता मावत नव्हता तुझ्या तोंडावर."

बाराचे ठोके पडले.

हजारो हात वर गेले. प्रत्येकात काही ना काही होतं. माझेच तेवढे रिकामे.

निखाऱ्यांवर धूप टाकणाऱ्या यातिरी पुजाऱ्यापुढे एक माणूस पाठमोरा उभा होता. माझं जाकीट. माझं विरळ झालेलं टाळकं. ओंजळीतलं घर आणि कोंबडी धुरात धरून, नुकतं जन्मलेलं पिल्लू धरावं तसा. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट अशी धरलेली नाही.

मी घराकडे धावलो. केबल कारची रांग हलता हलेना. घरी पोचायला एक वाजून गेला.

किल्ली कुलपात जाईना. तीन वेळा तपासली. किल्ली तीच होती.

आत कोणीतरी चरांगो छेडत होतं.

मग मिर्ता हसली.

सतरा वर्षांत हे हसणं माझ्या घरात मी ऐकलं नव्हतं. ऐकलं आणि कळलं मला काय हवं होतं. रोज ओट्याशी उभं होतं ते. मी साधी हाकसुद्धा नीट मारली नव्हती.

घंटा वाजवली. फाटक अर्धवट उघडलं. तिच्या हाताला पीठ होतं, गालावर हसू अजून रेंगाळत होतं. दारावर आलेल्या कुणाकडेही बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"काय हवंय आपल्याला?"

जन्मात पहिल्यांदा उत्तर तयार होतं. पण ते अनोळखी बाईला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ती थांबली. बराच वेळ थांबली, मिर्ता पहिल्यापासून सोशिक.

"कोण आलंय गं?" आतून माझ्या आवाजात कोणीतरी विचारलं.

"कोणी नाही रे," ती म्हणाली, आणि फाटकावरची माझी बोटं चेमटू नयेत म्हणून फाटक अगदी हळू लावलं.