हाडमोती

मालवणात आता हाडं घरच्या घरी वाढतात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. शिंपल्याचा आतला चकचकीत थर हाडासारखाच चुन्याचा. शरीर त्याला परकं मानत नाही. म्हणून रुग्णाच्या हाडाच्या पेशी जिवंत तिसरीत, म्हणजे आपल्या खाण्यातल्याच शिंपल्यात, पेरायच्या, आत ठेवलेल्या इवल्या साच्यावर थर चढू द्यायचा आणि ते हाड काढून रुग्णाला बसवायचं. याला हाडमोती म्हणतात. तिसऱ्या सांभाळायच्या मात्र घरच्यांनी, स्वयंपाकघरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत.

हेमांगी मयेकरच्या पेटीत त्या मरतच होत्या. तिच्या सहा वर्षांच्या रेवतीच्या कानांत जन्मापासून तांदळाएवढं एक हाड नव्हतं. आईची हाक तिला कधी पोचलीच नव्हती. पेशींची ही शेवटची खेप होती आणि तिच्यातली एकच तिसरी जगली होती.

कारण शोधायला हाडमोती केंद्रातून डॉ. सुनीत केळुस्कर आले. खारटपणा ठीक, ऊब ठीक, प्राणवायू भरपूर.

"पाणी फारच नितळ आहे," ते म्हणाले.

"मगे!" हेमांगी खुलली. "तुमचा हिरवा औषध घातलंय की पाणी गढूळ होता. तिसरे रेती ओकतत ना! लगेच बदलतंय."

डॉक्टरांच्या लक्षात आलं. बाजारातल्या तिसऱ्या शिजवण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून रेती ओकू देतात. हेमांगीचा हात तीच सवय चालवत होता.

"ते औषध नव्हे, शेवाळ आहे. त्यांचं जेवण. पाणी गाळून त्या तेच खातात. उपाशी मेल्या त्या."

हेमांगी पेटीवर वाकली. माशाचं कालवण शेजाऱ्यापाजाऱ्यांना पोचवल्याशिवाय न जेवणारी बाई ती. तिला फार लागलं.

"ह्या एकीत माज्या चेडवाचा, रेवतीचा, किती आसा?"

"आधी चिमूटभर पेशी होत्या. पण उपासात तिसरीचं मांस झडतं, पेरलेल्या पेशी चिवटपणे टिकतात आणि मोकळी झालेली जागा भरतात." डॉक्टर अडखळले. "आता निम्म्याहून जास्त रेवतीच असेल."

त्यानंतर पाणी हिरवंच राहिलं. तिसरी जगली, हाड पिकलं, शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली त्या सकाळी हेमांगीने मागून हाक मारली आणि रेवतीने वळून पाहिलं. हेमांगी हसत होती, रडत होती. डॉक्टरांचेही डोळे भरले.

मग तिने विचारलं, "ती तिसरी खय आसा?"

"उघडावी लागली. ती... उरत नाही."

हेमांगीने पदराने तोंड पुसलं.

"मगे सुतक किती दिवसांचा धरूचा?"

रेवती आईच्या ओठांकडे नव्हे, आवाजाकडे लक्ष देऊन होती. कानावर पडलेला नवा शब्द तिने जपून उच्चारून पाहिला.

"सु...तक."