कोयत्याच्या खुणा

"अगं, हेही झाड वाळलंय!" मकोआ ओरडला.

"तुझ्या मोज्यांचा वास गेला असेल!" पुआलानी म्हणाली. पण दोघांनाही हसू आलं नाही.

सुट्टीत, रानात तणासारखं माजलेलं रानटी आलं उपटायला ही चुलत भावंडं कायपोकाकांच्या तुकडीबरोबर ज्वालामुखीच्या उतारावर आली होती. गेल्या वर्षी लाल फुलांनी लगडलेली ओहियाची झाडं उभ्या उभ्या वाळली होती. गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, फक्त वाटेच्या कडेचीच!

"पुआ, प्रत्येक खोडावर कोयत्याचा जुना वार आहे बघ!"

दोघांनी पुढे पाहिलं. धुक्यात पोरं लाव्ह्याच्या भेगेत पडू नयेत म्हणून काका दर फेरीसारखे आजही झाडांवर कोयत्यानं खुणा करत निघाले होते. त्यांच्या वडिलांची तशीच रीत होती. पण तोच कोयता आजारी झाडावर आणि तोच धडधाकटावर! पातं पुसायचंही नाव नाही! जखमेतून बुरशी शिरते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

पुआनं मान वर केली. वरच्या कड्यावर तिच्या धाकट्या भावाचं झाड होतं. घरातल्या प्रत्येक बाळासारखी त्याचीही नाळ झाडाखाली पुरली होती. बाळ काही जगलं नाही. त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"काका सांगून ऐकतील?" तिनं विचारलं.

"छे! 'मला शिकवता का रे?' म्हणतील. थांब!" मकोआनं फतकल मारली. "आई गं! काका, पाय मुरगळला!"

काका कोयता टाकून धावले. पुआनं तो झटकन पिशवीत कोंबला आणि मग सगळं सांगून टाकलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कड्यावरचं झाड तरी वाचलं ना?" तिनं विचारलं.

काकांनी मान खाली घातली. पुआ धावतच सुटली.

कड्यावरच्या खोडावर जुना वार होता. एक फांदी तपकिरी झाली होती.

"गेल्या महिन्यात वाटेची पाहणी करायला आलो होतो गं..." तुकडीसह मागून आलेले काका मटकन खाली बसले. मग सगळ्या तुकडीसमोर म्हणाले, "शाब्बास, पोरांनो! तुम्ही नसता, तर मी अख्खं रान मारलं असतं."

"मला हे एकच झाड हवं होतं, काका," पुआ म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

तिनं झाडावरच्या एका लाल फुलाकडे हात नेला. मकोआनं तो हळूच धरला. "न्यायचं नाही, पुआ. रोग सोबत जातो."

बुरशी बुटांच्या मातीतूनही पसरते, म्हणून पायथ्याशी सगळे बूट घासायला बसले. पुआच्या बुटांना तिच्या भावाच्या झाडाखालची माती लागली होती. तिनं ब्रश घेतला आणि ती सगळी निघेपर्यंत घासली.