पिचूने घेतलेलं माप

आमच्या गच्चीवरून किन्शासा दिसतं. मधे फक्त कांगो नदी, होडीने वीस मिनिटं. तरी मी, मिलांदू, ब्राझाव्हिलमधला निवृत्त गणिताचा मास्तर, आठ वर्षांत पलीकडे गेलो नव्हतो. माझी एकुलती लेक लुझोलो आठ वर्षांपूर्वी लग्न करून तिकडे लेंबा वस्तीत गेली, आणि नवरा सोडून गेला तरी तिथेच राहिली. दर आठवड्याला फोनवर विचारायची, या रविवारी येता का? मी म्हणायचो, निवडणुका होऊ देत, तिथल्या कोयतेवाल्या टोळ्यांचा धुमाकूळ थांबू दे. तरुणपणी मला त्या शहरात लुटून गटारात टाकलं होतं. दुधाने तोंड पोळलेला मी, ताकसुद्धा फुंकून पीत होतो.

फुंकता फुंकता एक वही भरली होती. कुठली होडी, कुठला रस्ता, घड्याळ घालायचं नाही, फोन मोज्यात ठेवायचा. लुझोलो हसायची. "बाबा, तुमची वहीच येऊन जाईल एखाद्या दिवशी. तुम्ही बसा तिकडे."

गेल्या शुक्रवारी ती गेली. तीन दिवसांच्या तापाने. मंगळवारी तिचा फोन आला होता. बारीक आवाजात म्हणाली, या. मी म्हणालो, शनिवारकडे बघतो. मी भित्रा आहे, आणि त्या भित्रेपणाची किंमत तिने मोजली.

सोमवारी सकाळी निघालो, सगळं वहीबरहुकूम. नदीत जलपर्णीची बेटं वाहत होती. पलीकडच्या धक्क्यावर तीनचाकी सायकलवर बसलेल्या पांगळ्या हमालाने हाक मारली, "आज पिशवी घेऊन आलात, बाबा?" धक्क्यावर लोक खोटी ओळख दाखवतात, उत्तर देऊ नये, हा माझा चौथा नियम. मी दिलं नाही.

माझ्या दिवंगत बायकोचा भाचा फिस्तों पिवळी टॅक्सी घेऊन उभा होता. मी काही बोलायच्या आत त्याने काचा वर केल्या आणि मोठा चौक टाळून गाडी मागच्या रस्त्याला घातली. वहीतला रस्ता तोच होता. तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"तुम्हीच की. दर खेपेला सांगता."

फोनवर बोललो असेन, अशी मी मनाची समजूत घातली. फिस्तों आरशातून माझ्याकडे बघत राहिला. गाडीतून उतरताना त्याने माझा हात धरला.

लेंबात गल्ली अडवून मांडव घातला होता. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भोंग्यावर चर्चची गाणी, कसाव्याचा पाला शिजल्याचा वास. मयताच्या घरचे सगळे आमच्याकडे एकाच छापाचं कापड शिवून घालतात. जांभळ्यावर पांढरे पक्षी, अख्खी गल्ली त्यातच होती. शेजारच्या बिबीशने माझ्यासाठी खुर्ची ओढली. कोपऱ्यावरचा शिंपी, पिचू, त्याच कापडाचा घडी घातलेला शर्ट माझ्यासाठी घेऊन आला.

मी म्हणालो, गफलत होतेय, मी आत्ताच पोचतोय, माझं माप तुझ्याकडे असायचं कारण नाही.

"गुरुवारी दिलंत," पिचू म्हणाला. "मी म्हटलंसुद्धा, पोरगी अजून बोलतेय, आत्तापासून असं अभद्र करू नका. तुम्ही नुसते रडत होता."

गुरुवारी मी घरी होतो. वहीत होड्यांच्या वेळा उतरवत होतो.

शर्ट घातला. माझा डावा खांदा जन्मापासून उतरता आहे, बाजारचा कुठलाच शर्ट नीट बसत नाही. हा बसला.

बराच वेळ धीर होईना. मग बिबीशला विचारलं, शेवटी तिच्याजवळ कोण होतं?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "असं काय करता, बाबा? तुम्हीच होता. डोळे तुम्हीच मिटलेत."

मला घाम फुटायला हवा होता. मला हेवा वाटला. त्या माणसाचा, जो वेळेवर आला.

"जाताना तिने तुमच्या कानात काहीतरी विचारलं," बिबीश म्हणाली. "तुम्ही उत्तर दिलंत, आणि ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. काय विचारलं हो तिने?"

कुणीतरी भोंगा बंद केला. सगळे माझ्याकडे बघत होते.

मला माहीत नव्हतं.

बिबीशने जांभळ्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं. "तेव्हाही सांगितलं नाहीत. मी खोदून विचारलं, तर म्हणालात, तिचा बाप सोमवारी येईल, त्यालाच सांगेन. मला वाटलं, दुःखाने भ्रम झालाय."

दुपारी माणसं वाढली, खुर्च्या कमी पडायला लागल्या. सोमवार अजून संपला नव्हता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून मी ती अडवून धरली.