सगळ्यांना मारलेली हाक

नाटकाचं जुनं थेटर जळालं, त्याला वर्ष होत आलं होतं. छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या, आतली माणसंही गेली. उरली ती नक्षीची उंच भिंत. ती वाचवायचं काम दोघा बहीणभावांकडे आलं. बहीण गवंडीकाम करायची, भाऊ सुतार. तो आत शिरून भिंतीला लाकडी टेकू द्यायचा, ती बाहेर भिंतीला गेलेल्या भेगेपाशी बसायची. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवलेली. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार, आणि तडकली की ‘सगळे बाहेर या’ म्हणून हाक द्यायची, असं कामावरच्या साहेबांनी बजावलेलं.

आत असायचा एकटा भाऊ. तो चिडवायचा, "ताई, सगळे म्हणजे मी आणि माझी भूक ना?"

त्या दुपारी ऊन कसं साय धरल्यासारखं पडलं होतं. ओल्या कोळशाचा वास, आत पाचर ठोकल्याची ठकठक… बहिणीचे डोळे पेंगुळले. उघडून बघते तो काचेवर भेगेच्या बाजूनं वाफ धरलेली, कुणी तोंड लावून श्वास सोडावा तशी. तिनं बोट लावलं मात्र, काच हलकेच तडकली.

तोंडात बसलेली तीच हाक बाहेर पडली. "सगळे बाहेर या…"

भाऊ धावत आला, केसांत भुसा घेऊन. त्याच्यामागून एक म्हातारा आला. मग दोन बाया, मग आणखी माणसं, खेळ सुटल्यावर यावीत तशी, सावकाश. अंगावर राख, पावलांचा आवाज नाही. आगीच्या धावपळीत त्यांना हाक मारायला कुणी थांबलंच नव्हतं. उन्हात आली नि विरून गेली. भ्यायचं सोडून बहिणीला हायसंच वाटलं.

शेवटची बाई तेवढी थबकली. कुजबुजली, "अजून एक लहानगी आत आहे… कुणी हात धरला तरच येईन म्हणते…"

आणि भावाकडे बघत तीही विरली.

भावाला यातलं काही दिसलंच नसावं. भिंतीतून माती झरत होती, आणि हा आपला म्हणतो, "ताई, हातोडा राहिला. आणतो पटकन."

तिनं पाय रोवून त्याचं मनगट धरलं. "नवा घेऊ, बारक्या… चल."

तो थांबला खरा. पण दुसरा हात भिंतीकडे लांबलेलाच होता, आणि बोटं वाकलेली, लहान मुलाचा हात धरताना वाकतात तशी.