एझ्रा हॅलग्रेनची रोजनिशी

मंगळवारी सकाळी सव्वाआठला फोन वाजला तेव्हा आर्व्हेलाबाई थॉर्नॉक जर्दाळू चिरत होत्या. फोनवर बिशप लव्हेल स्टोकर होता.

आमच्या पंथात बिशपला, म्हणजे गावच्या चर्चच्या प्रमुखाला, पगार नसतो. लव्हेल आठवडाभर गावाचे नळ दुरुस्त करायचा आणि रविवारी आत्मे. त्यातलं नळाचं काम त्याला बरं जमे.

“बाई, व्हर्लीन हॅलग्रेनकडे चोरी झाली. एझ्राआजोबांची रोजनिशी गेली.”

“कोणी नेली म्हणते?”

“डोर्थिया पेलनं. काल साफसफाईला आली होती.”

“नेताना कोणी पाहिलं?”

“पाहिलं नाही. पण अख्ख्या गावाला ठाऊक आहे.”

“म्हणजे कोणालाच ठाऊक नाही. शेरीफला का नाही बोलावलंस?”

“शनिवारी आजोबांच्या स्मारकाचं उद्घाटन, बाई. ती वही तिथे काचेत ठेवायची होती, सगळ्यांना वाचायला. त्यात पोलीस कशाला? आणि गुरुवारी डोर्थियाच्या मंदिराच्या कार्डावर मला सही करायचीय. चोरीचा आळ असताना कशी करू?”

त्या कार्डाशिवाय मंदिराच्या दारातून नवरीच्या आईलासुद्धा आत सोडत नाहीत. मंदिरात लागलेलं लग्न मेल्यावरही टिकतं, बाहेर लागलेलं मरणापाशी संपतं, अशी आमची श्रद्धा. डोर्थियाचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. तिचा यावर मनापासून विश्वास होता. गावात तसे फार जण उरले नव्हते, नुसते कार्डवाले रग्गड होते.

बाईंनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत तिसरीला शिकवलं होतं. कोण कसं खोटं बोलतं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी हात धुतले आणि निघाल्या.

व्हर्लीन हॅलग्रेन म्हणजे महिला मंडळाची अध्यक्ष आणि गाव वसवणाऱ्या एझ्राची पणती, तीही पहिल्या बायकोकडून. हे ती ओळख होताच सांगे. एझ्राला बायका चार होत्या, पण व्हर्लीनच्या तोंडून बाकीच्या तिघींचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. नाकानं कांदे सोलायची स्पर्धा असती तर तिनं जिल्ह्याचं बक्षीस आणलं असतं.

“या सिस्टर थॉर्नॉक,” ती म्हणाली. आमच्यात सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात, आणि वागतातही अगदी भावकीसारखे. “बघा हो, काचेचं कपाट रिकामं! पोटच्या पोरीसारखी वागवली मी तिला.”

“पोटच्या पोरीकडून फरशी पुसून घेतेस का?”

व्हर्लीननं न ऐकल्यासारखं केलं.

“वही शेवटची कधी पाहिलीस?”

“काल सकाळी. धूळ झटकताना. होती तिथंच.”

“डोर्थिया कधी आली?”

“दुपारी बाराला. आणि आज सकाळी बघते तर गायब.”

“रविवारी घरात कोण होतं?”

“कोणी नाही. महिन्याचा पहिला, उपासाचा रविवार ना! मी सकाळपासून चर्चमध्ये.”

“डोर्थियाला वही कशाला हवी असेल?”

“दोनदा वाचायला मागितली होती. ती त्या... दुसऱ्या शाखेतली.”

“मारेनच्या. तिसऱ्या बायकोच्या.”

“असेल,” व्हर्लीन ओकारी आल्यासारखं तोंड करून म्हणाली.

“पोरीनं काल कुठे कुठे झाडलं?”

“खाली तळघरातसुद्धा. चला ना, दाखवते.”

व्हर्लीनचं तळघर पाहिल्याशिवाय पाहुणा सुटत नसे. संकटकाळासाठी वर्षभराचं धान्य घरात असावं, असा आमचा रिवाज. तिच्याकडे मात्र संकटालाही लाज वाटेल इतका साठा होता. जुना माल पुढे, नवा मागे, आणि प्रत्येक डब्यावर तिच्या टपोऱ्या अक्षरात जिन्नस आणि बंद केल्याची तारीख. “तारखेत चूक म्हणजे देवाशी लबाडी,” असं ती मंडळात बायकांना बजावायची.

“शनिवारचा गहू?” बाईंनी विचारलं. त्या दिवशी मंडळाच्या बायकांनी इथेच जमून, डब्यांना झाकणं बसवायचं चर्चचं यंत्र आणून, तिच्यासाठी गहू भरला होता. बाईही होत्या.

“हो, मागच्या रांगेत. चाळीस डबे. यंत्र काल सकाळी परत पाठवलं.”

बाईंनी चष्मा वर केला आणि रांगेवरून बोट फिरवलं. गहू, ४ ऑगस्ट. गहू, ४ ऑगस्ट. कोपऱ्यात गहू, ५ ऑगस्ट. त्याच्या शेजारी वाटाणे सुरू.

“छान ठेवलंयस हो,” बाई म्हणाल्या.

डोर्थिया टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्याबाहेर, कामाची पाळी सुटल्यावर भेटली. डोळे रडून सुजले होते.

“वही घेतलीस?”

“नाही, बाई.”

“मागितली कशाला होतीस?”

“मारेनआजीबद्दल दोन ओळी तरी असतील म्हणून. स्मारकाच्या दगडावर कोरलंय, पहिला हिवाळा एझ्रा आणि त्याची पहिली बायको पर्मीलिया यांनी भुयारात काढला. माझी आजी सांगायची की भुयारात मारेन होती. म्हटलं, लग्नाआधी खरं काय ते कळावं. पण सिस्टर हॅलग्रेन म्हणाल्या, चांगल्या घरच्या कागदांना हात लावू नकोस.”

“काल कपाटात वही होती?”

“पाहिलंच नाही. तिकडे बघितलं तरी त्या ओरडतात.”

“रविवारी चर्चमध्ये व्हर्लीन होती?”

“होत्या. पण लोक श्रद्धेची साक्ष देत होते तेव्हा मधूनच उठून गेल्या. उपासानं डोकं चढलं म्हणाल्या. बाई, केल, माझा होणारा नवरा, म्हणतो, मंदिर नाही तर नाही, कोर्टात लग्न करू. पण मला मरेपर्यंतचं, तेवढंच नको हो.”

“तेवढंच होणार नाही,” बाई म्हणाल्या. इतका राग त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

बुधवारी दुपारी बाई बिशपला आणि डोर्थियाला घेऊन व्हर्लीनच्या दारात उभ्या राहिल्या.

“चोराला माझ्या घरात आणलंत?” व्हर्लीन कडाडली.

“चोर घरातच आहे. लव्हेल, तळघरातून ५ ऑगस्टचा गहू घेऊन ये. आणि व्हर्लीन, तू ओपनर काढ.”

व्हर्लीन जागची हलली नाही. लव्हेल डबा घेऊन आला आणि हातात तोलून बघत म्हणाला, “गव्हाच्या मानानं हलका आहे.”

“गहू नाहीच त्यात. शनिवारी, चार तारखेला, आम्ही चाळीस डबे भरले. हा एक्केचाळिसावा. पाच तारखेला कोण वार होता?”

“रविवार,” बिशप म्हणाला, आणि मग त्याच्याही डोक्यात उजेड पडला. “रविवारी आपल्यात काम वर्ज्य, कोणी सुईसुद्धा हातात धरत नाही.”

“तेही उपासाच्या. अख्खं गाव चर्चमध्ये, यंत्र हिच्या घरात. डोकं चढलं म्हणून उठली, आणि मला सांगितलं सकाळपासून चर्चमध्ये होते. रविवारी डब्यात गेलेली वही सोमवारी सकाळी धूळ झटकताना दिसली कशी? चोरीची बोंब मारायला हिला सोमवार हवा होता, कारण सोमवारी डोर्थिया येते.”

“पण कशासाठी?”

“शनिवारी वही सगळे वाचणार होते, आणि दगडावर कोरलेलं खोटं ठरणार होतं.”

“मग जाळून का नाही टाकली?”

“पूर्वजाची पवित्र नोंद जाळायची? तेवढं धाडस आपल्यापैकी कोणात आहे?”

बाईंनी स्वतः डबा उघडला. आत, स्वच्छ उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली वही होती.

“चार तारीख लिहिली असतीस,” बाई म्हणाल्या, “तर मी मरेपर्यंत शोधत बसले असते.”

व्हर्लीन पुटपुटली, “डब्यावर खोटी तारीख कशी लिहिणार?”

“आणि पोरीवर खोटा आळ?”



डोर्थियानं पानं उलटली आणि हळू आवाजात वाचलं, “‘पर्मीलिया शहरात परतली. थंडी सोसत नाही म्हणाली. मारेन आणि मी भुयारात. आज छत खचलं. मी येईपर्यंत मारेननं खांद्यावर तोलून धरलं.’”

बिशप म्हणाला, “झालं गेलं विसरू या. सगळे मिळून प्रार्थना करू आणि घरातली गोष्ट घरातच...”

“गेले दोन दिवस ही पोर गावभर चोर होती, तेव्हा घर आठवलं नाही तुला? आधी सही कर. मग तुझी प्रार्थना.”

लव्हेलनं तिथेच, स्वयंपाकघराच्या टेबलावर, डोर्थियाच्या कार्डावर सही केली.

“लव्हेल, तू कार्ड देताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारतोस ना?” बाई म्हणाल्या. “तो हिलाही विचार.”

व्हर्लीनच्या घरचे नळ बिशपनं वीस वर्षं सांभाळले होते. पण विचारलं.

“सिस्टर हॅलग्रेन, इतर माणसांशी तुम्ही प्रामाणिकपणे वागता?”

व्हर्लीननं पर्स उघडून स्वतःचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

लग्नाच्या दिवशी व्हर्लीन मंदिराबाहेरच्या बाकावर, लहान मुलं आणि बिनकार्डाचे नातेवाईक थांबतात तिथे, दीड तास उन्हात बसून होती. तिला आमंत्रण होतं. डोर्थियानं ते स्वतः घरी जाऊन दिलं होतं.