आयलीच्या आवाजाची फाइल

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या टेकडीवर राहणारा टोइवो कांगास त्या दिवशी दुपारचं जेवण उरकून कॉम्प्युटर क्लबातल्या मर्लकडे निघाला तो अगदी साध्या कामाला. फायलीतले आकडे दुरुस्त करायला त्याला एक एडिटर, म्हणजे तसला प्रोग्रॅम, हवा होता. धड चालणारा. आणि धड चालणारं काही मिळणं किती अवघड असतं, हे त्याला त्या आठवड्यात पुरतं कळून चुकलं होतं.

झालं होतं असं. आदल्या हिवाळ्यात मर्लनं हौसेनं टोइवोच्या कॉम्प्युटरला मायक्रोफोनची वायर जोडली आणि टोइवोच्या बायकोला, आयलीला, म्हणाला, "वहिनी, बोला काहीतरी." आयली म्हणाली, "टोइवो, कॉफी गार होतेय." बास. तेवढा खरखरीत आवाज फ्लॉपीवर राहिला. वसंतात आयली गेली. मग टोइवो रोज सकाळी तो आवाज ऐकायचा आणि त्यानंतरच कॉफी ओतून घ्यायचा. एकदा डोळे पुसायच्या नादात त्यानं यंत्राचा लाल दिवा विझायच्या आतच फ्लॉपी बाहेर ओढली. क्लबात नवा माणूस आला की जे करू नको म्हणून आधी बजावतात, नेमकं तेच. त्या सकाळपासून फाइल उघडेना.

"आवाज कुठं जात नाही रे," मर्लनं समजावलं होतं. "फाइल म्हणजे आतून नुसते आकडे. तोंडाशी असलेले थोडे बिघडलेत. ते सरळ केले की बोलेल ती."

सरळ करायचे कशानं? क्लबाच्या फ्लॉप्यांची पेटी मर्लच्या ताब्यात, त्यानं तीतून एकामागून एक एडिटर काढून दिले. एक आकडे दाखवायचा पण हात लावू द्यायचा नाही. एकाची जपून ठेवायची कळ आणि सगळं टाकून बाहेर पडायची कळ शेजारीशेजारी. टोइवोची बोटं जन्मभर जहाजांचे दोर ओढून जाड झालेली, ती दर वेळी नको त्या कळीवर पडायची. आणखी एकात आयली मावेचना. फाइल फार मोठी आहे, असं तो तोंडावर सांगायचा.

"सहा शब्दसुद्धा बोलली नाही बिचारी," टोइवो पेटीपाशी बसत करवादला, "आणि हा म्हणतो मोठी आहे. कुणी लिहिलाय हा?"

"फुकट आहे, टोइवो."

"फुकट? माझा आठवडा गेला त्यात. परवाचा तर वापरायच्या आधी मलाच विचारतो, तुम्हाला खात्री आहे का? मी हो म्हटलं की परत विचारतो. लग्नाच्या वेळी पाद्र्यानंही मला एकदाच विचारलं होतं."

मर्ल हसत हसत पेटी चाळत होता. मध्येच थांबला. त्याच्या हातात कोऱ्या लेबलाची एक फ्लॉपी होती.

"ही कुणी दिली?" टोइवोनं विचारलं.

"तेच बघतोय. देणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय मी पेटीत काही घेत नाही." मर्लनं ती उलटीसुलटी केली. "चल, तुझ्याकडेच लावून बघू."

दोघं बर्फ तुडवत टोइवोच्या घरी आले. खोलीत ओल्या लोकरीचा आणि सकाळच्या कॉफीचा वास कोंडला होता. फ्लॉपीवर एडिटरच निघाला, आणि चालू झाला तो काही न विचारता. डावीकडे आकडे, उजवीकडे त्यांची अक्षरं, कळा जिथल्या तिथं. टोइवोला इतकं बरं वाटलं की शिव्या घालायला काही सापडत नाही याचाच त्याला राग आला. मर्लनं आपल्या बायकोच्या आवाजाची फाइल बघून तोंडाचे आकडे आणले होते. ते घातले, जपून ठेवले.

"टोइवो, कॉफी गार होतेय."

मर्लनं आयलीची फ्लॉपी काढली, कडेच्या खाचेवर चिकटपट्टी दाबून बसवली आणि परत आत सरकवली. "आता हिच्यावर कुणाला काही लिहिता यायचं नाही. तुलासुद्धा."

"थांब ना. कॉफी टाकतो."

"नको बाबा. आमच्या डॉरीननं रात्रीच्या जेवणाचं हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवलंय. उशीर झाला तर त्याच्याबरोबर मलाही भाजेल ती."

मर्ल गेला. बाहेर निळसर अंधार उतरत होता. टोइवोनं दिवा लावला आणि आवाज पुन्हा ऐकला. "टोइवो, कॉफी गार होतेय." पण आवाज संपला तरी फाइल थांबली नाही. कर्ण्यातून नुसती खरखर चालू राहिली... एखादी खोली श्वास घेत असावी तशी.

"घ्या," तो पुटपुटला. "हाही बिघडलेलाच."

चिडून त्यानं एडिटरमध्ये फाइल उघडली आणि शेवटाला गेला. शेवट सापडेना. तो बघत असताना खाली आकड्यांची नवी ओळ आली. मग आणखी एक. फ्लॉपीचा लाल दिवा जळत होता. त्यानं वाकून बघितलं... चिकटपट्टी जागच्या जागी होती.

त्याला ठसका लागला. ओळी भराभर सरकल्या.

तो खोकायचा थांबला, त्याही थांबल्या. यंत्राच्या मागं त्यानं हात घालून चाचपलं. मायक्रोफोनची वायर नव्हती. मर्लनं ती आपल्या घरी नेली त्याला वर्ष होत आलं होतं.

"आयली?" तो हळूच म्हणाला.

एक ओळ उमटली. टोइवो गप्प राहिला. घरात काही वाजलं नाही, भिंतीतला पाइपसुद्धा नाही. आणि तरी त्या ओळीखाली आणखी एक छोटी ओळ उमटली...

त्यानं फाइल ऐकायची कळ दाबली. आधी आयली बोलली, कॉफी गार होतेय. मग खरखर. मग त्याचा स्वतःचा वैताग, "हाही बिघडलेलाच." मग ठसका. मग "आयली?" आणि त्यामागून, अगदी जवळून, "हं."

शेजारच्या खोलीतून ती आयुष्यभर द्यायची तोच हुंकार. टोइवोचे डोळे भरून आले. हेच तर त्याला हवं होतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली, कान कर्ण्याला लावला.

खरखर चालूच होती. तिच्यातून पुन्हा त्याचाच आवाज आला. थकलेला, पण खूश.

"आलो गं. दिवा तेवढा मालवतो."

हे टोइवो अजून बोललेला नव्हता.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. समोर लाल दिवा जळत होता, आणि पडद्यावर ओळी एकेक करून खाली उतरत होत्या.