टोरांटोची सुट्टी

"हे पान मी बनवलंय," दिंग शाओ-लुन म्हणाला आणि त्याने आपला फोन मेई-फांगसमोर ठेवला.

फोनवर एका रुग्णालयाचं नवं अ‍ॅप उघडलेलं होतं. डायलिसिसची वेळ ठरवायचं पान, त्यावर तीन मोठी निळी बटणं.

"काल आईला घेऊन गेलो तर नर्स म्हणाली, आता इथूनच नंबर लावायचा. ताई, ही बटणं एवढी मोठी का आहेत, माहितेय? माझ्या आईच्या बोटांच्या मापाने केलीत मी. नऊ दिवस खपलो होतो."

"कुणासाठी?"

"टोरांटोच्या कंपनीसाठी. तुमच्या साइटवर जाहिरात होती. नोकरीआधी चाचणी म्हणून हे करून मागितलं. दिलं, आणि त्यांनी नकार कळवला."

लाई मेई-फांग अकरा वर्षं 'दूरची खुर्ची' चालवत होती. घरून काम करणाऱ्या प्रोग्रामरांना काम मिळवून देणारी साइट. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ताइचुंग सोडून जाणं तिला शक्य नव्हतं आणि घरबसल्या काम द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या रागातून तिने ही खुर्ची मांडली होती. दुसरं काहीच तिच्यापाशी नव्हतं.

"तू एकटाच?"

"तेवीस जण. प्रत्येकाला वेगळा तुकडा दिला आणि सगळ्यांना नाकारलं. तुकडे जोडले की हे अ‍ॅप होतं." शाओ-लुनने मान खाली घातली. "ग्रुपवर सगळे म्हणतायत, कंपनीबिंपनी काही नाही, हे लाई बाईंचंच दुकान आहे. जाहीर करायला निघाले होते. मी कसंबसं थोपवलंय. पण सहा वाजेपर्यंतच."

घड्याळात अडीच वाजले होते. तिचा जेवणाचा डबा तसाच पडून होता.

टोरांटोच्या जाहिरातीवर हिरवी खूण होती. म्हणजे कंपनी तपासली आहे, खुशाल काम करा. ही खूण तिघंच देऊ शकत होते. एक ती स्वतः. दुसरा थू को-वेई, पहिल्या दिवसापासूनचा सोबती, तैपेईत राहून कंपन्या तपासणारा. तिसरी श्ये यी-चेन, वर्षभरापूर्वी आलेली, काओश्युंगहून तक्रारी बघणारी. तिघांत पासवर्ड एकच. विश्वासाच्या माणसांत तीन कुलपं कशाला, असं तिचंच म्हणणं होतं.

"त्यांचे निरोप दाखव."

शाओ-लुनने पडदा सरकवला. निरोप कोरडे, कामापुरते होते. एकच जरा वेगळा होता. मंगळवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी आलेला: उद्या सुट्टी आहे, सर्वांची मुदत एक दिवस पुढे.

"मला वाटलं, त्यांच्याकडचा सण असेल," तो म्हणाला. "मी मात्र कामच करत होतो."

तिने आधी यी-चेनला फोन लावला.

"या कंपनीबद्दल एकही तक्रार आली नाही?"

"आली ना. दोन आल्या. दोन्ही को-वेई दादांकडे पाठवल्या. ते म्हणाले, कंपनी पक्की आहे, बंद कर. मी बंद केल्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ताई, को-वेईचा शब्द तो माझा शब्द."

"कधी पाठवल्यास?"

"दुसरी वादळाच्या बुधवारी. पक्कं आठवतंय. यिलान जिल्ह्यातल्यांची चंगळ झाली, सबंध देशात त्यांनाच सुट्टी. सुट्टी ज्याच्या त्याच्या महापौराच्या हातात, आणि आमच्या महापौरांना कुठे दया येते? भर उन्हात मी तक्रारी निस्तरत बसले होते."

"लेखी आहे काही?"

"फोनवरच बोललो." यी-चेनचा आवाज उतरला. "तुम्हाला मी वाटतेय ना?"

मेई-फांगने फोन ठेवला. खरंच तीच वाटत होती.

को-वेईने पहिल्याच घंटीला फोन उचलला. सगळं ऐकून तो हळहळला. "नवी पोरगी. मी म्हटलं होतं ताई, जपून."

"ती म्हणते, त्या बुधवारी तिने तुला फोन केला."

"बुधवारी? शक्यच नाही. वादळाची सुट्टी होती, दिवसभर मशीन उघडलं नाही मी. ती ढळढळीत खोटं बोलतेय."

"बरं," मेई-फांग म्हणाली.

तिने यी-चेनला काढून टाकल्याचं पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या आणि हात थांबला. टेबलावर मुरवलेल्या कुमक्वाटची, म्हणजे इवल्या संत्र्यांची, बरणी होती, को-वेईने नववर्षाला पाठवलेली. झाकणावर यिलानच्या दुकानाचा शिक्का. तिने शाओ-लुनचा फोन पुन्हा ओढला. मंगळवार. आठ वाजून दहा मिनिटं. तिने यिलानच्या सुट्टीची घोषणा शोधली. मग कॅनडाच्या सुट्ट्यांची यादी पाहिली.

पाच वाजता तिने को-वेई आणि यी-चेन दोघांना पडद्यावर बोलावलं. शाओ-लुन शेजारीच होता.

"को-वेई, कुठून बोलतोयस?"

"घरून. आणखी कुठून?"

"त्या बुधवारी कॅनडात सुट्टी नव्हती. तरी आदल्या रात्री टोरांटोच्या साहेबांनी तेवीस जणांना एक दिवस वाढवून दिला. यिलानची सुट्टी जाहीर झाली आठला, साहेबांचा निरोप निघाला आठ-दहाला. टोरांटोला यिलानच्या पावसाची एवढी काळजी कशाला?"

तिने यिलानच्या सुट्टीची घोषणा पडद्यावर दाखवली.

"हे करणारा यिलानमध्ये बसला होता. सुट्टी मिळाली की काम बंद, हे आपल्या हाडात मुरलंय. आपण आता टोरांटोचे आहोत हे तो दहा मिनिटांत विसरला. यी-चेन विसरणं शक्य नाही, तिच्याकडे ऊन होतं. माझ्याकडेही. तैपेईतही सगळे कामावर गेले होते. आणि तू मला सांगतोस, सुट्टी होती, मशीन उघडलं नाही."

मेई-फांगने बरणीच्या झाकणावरचा शिक्का को-वेईसमोर धरला.

"मी विचारलंही नव्हतं," ती म्हणाली. "तूच सांगितलंस. तिला खोटं पाडायला."

"ताई..." को-वेई म्हणाला. "दीड वर्ष झालं यिलानला येऊन. मेव्हण्याबरोबर कंपनी काढली. रुग्णालयाचं काम घेतलं आणि झेपेना. मुदत संपत आलेली. माणसं नेमायची ऐपत नव्हती. वाटलं, हे एकदाच."

"आईला घेऊन मी पहाटे साडेचारला निघतो," शाओ-लुन शांतपणे म्हणाला. "ते नऊ दिवस ती शेजाऱ्यांबरोबर गेली. नोकरी लागेल म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?" मेई-फांग म्हणाली. "मी रात्रंदिवस बसले असते तुझ्यासोबत."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण तिने स्वतःच्या हातांनी घातलं होतं. चोर आपल्याच घरातला, हे लिहिलं तर एकही कंपनी थांबणार नव्हती. न लिहिलं तर तेवीस जणांचं कष्टाचं काम बुडणार होतं.

साडेपाचला तिने यी-चेनचं पत्र पुसलं आणि नवं लिहायला घेतलं. आधी तेवीस नावं, प्रत्येकापुढे त्याने केलेलं काम. मग को-वेईचं नाव. शेवटी आपलं. सगळ्या जाहिरातींवरची हिरवी खूण तिने एका फटक्यात काढली. शाओ-लुन एकेक नाव वाचून सांगत होता.

सहाला ते पत्र साइटवर लागलं. सव्वासहापर्यंत चाळीस कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या होत्या.

को-वेई अजून पडद्यावरच होता. मेई-फांगने पोलिसांच्या तक्रारीचा अर्ज उघडला. नाव तिने न विचारता भरलं, जन्मतारीखही. पुढच्या रकान्यापाशी ती अडली. कुठूनही काम करा, कुठे आहात ते कुणी विचारणार नाही, असं त्यांच्या साइटच्या माथ्यावर अकरा वर्षं लिहिलेलं होतं.

"को-वेई," ती म्हणाली, "तुझा पत्ता काय रे?"

त्याने सांगितला. तिने लिहून घेतला.